तिसऱ्या स्लीव्हखालचे तांब्याचे कडे

सैन्यातील माझी अखेरची नेमणूक उत्तरेच्या डोंगराळ भागातील एका फील्ड वर्कशॉपमध्ये होती. पद सुभेदाराचे, काम धर्मगुरूचे. संस्कृत पाठशाळेत शिकलेला मनुष्य इंजिनांच्या वस्तीत काय करत असे, हे लोक आजही विचारतात. पहाटे साडेपाचला आरती, रविवारी मंदिर परेड, आजारी जवानांची विचारपूस, आणि कोणी गेल्यास त्याचे अंत्यविधी. उरलेला वेळ मी शेडमध्ये घालवीत असे, कारण तेथे हवालदार वसंत भोयर होता.

वसंत अल्लीपूरचा, मी त्याच जिल्ह्यातल्या देवळीचा. परमुलखात एवढे नाते पुरते. तो व्हेईकल मेकॅनिक होता. इंजिनातील स्लीव्ह, म्हणजे पिस्टन ज्या लोखंडी नळीत वर-खाली फिरतो ती, बदलण्याचे काम वर्कशॉपचे प्रमुख ओसी साहेब त्याच्याच हाती देत. मी टॉर्च धरीत असे. नवी स्लीव्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव ठोकळ्यात, बसली की तो तिच्या काठावरून अंगठ्याचे नख फिरवी.

"पंडितजी, नख अडकलं पायजे. काठ ब्लॉकच्या केसभर वर राह्यला तरच झाकणाखालची गॅस्केट घट्ट दबते. खाली गेला का पाणी तेलात."

स्लीव्ह ब्लॉकमध्ये ज्या काठावर टेकते ती बैठक झिजलेली असेल तेथे तो तांब्याच्या पत्र्याचे पातळ कडे हाताने कापून खाली ठेवी. कड्याच्या काठाला कानशीने एक बारीक खाच पाडी. ती खाच नेहमी रेडिएटरच्या दिशेस. मी कारण विचारले होते.

"उद्या दुसऱ्यानं इंजिन खोललं तर त्याले समजलं पायजे. हे चुकून नाई राह्यलं, कोणीतरी मुद्दाम ठेवलं हाये."

एकदा सुट्टीहून परतल्यावर त्याने सांगितले की घरच्या जुन्या ट्रॅक्टरच्या तिन्ही स्लीव्ह त्याने स्वतः बदलल्या. त्यानंतर त्याला सुट्टी मिळाली नाही.

त्या दिवशी घाटात एक ट्रक अडकला होता. वसंत दोन जवानांसह रिकव्हरीची गाडी घेऊन ०५१० वाजता निघाला. जाताना मंदिराच्या दारात थांबला.

"पंडितजी, परसाद?"

"नैवेद्य व्हायचा आहे. परत आल्यावर घे."

११४० वाजता वायरलेस सेटवर आवाज आला. "दरड कोसळली. रिकव्हरी गाडी दबली. तीन जवान आत. ओव्हर." आणखी काही नाही. तिघांचेही विधी मी केले. वसंतच्या वाट्याचा शिरा संध्याकाळपर्यंत द्रोणात तसाच होता.

निवृत्तीनंतर मी देवळीस राहतो. गेल्या हिवाळ्यात वसंतचे वडील देवरावजी यांचा फोन आला.

"पंडितजी, ट्रॅक्टर पाणी पिऊन राह्यला. सुधाकरनं शनवारी भंगारवाल्याले बोलावलं. वसंताच्या हातचं येवढंच उरलं हाये. तुम्ही येजा."

शुक्रवारी सकाळी आठ वाजता मी अल्लीपुरास पोहोचलो. सुधाकर हा वसंतचा धाकटा भाऊ, शेती तोच पाहतो. त्याचे म्हणणे गैर नव्हते. ट्रॅक्टर दोनदा ऐन कामात उकळून बंद पडला होता. वडिलांसाठी त्याने एकदाच प्रयत्न करण्याचे कबूल केले होते. इंजिन सुधारले तर ठेवायचे, नाहीतर उद्या टेम्पोत चढवायचे. हिंगणघाटचे अशोक मिस्त्री नव्या स्लीव्ह घेऊन आले होते. हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, आणि पिस्टन आदल्या दिवशीच उतरवले होते.

पुलर, म्हणजे स्क्रू फिरवून स्लीव्ह वर ओढणारे अवजार, लावून दोन स्लीव्ह साडेनऊपर्यंत निघाल्या. तिसरी हलेना. विहिरीच्या जड पाण्याचा क्षार तिला धरून बसला होता. मिस्त्रींनी खालून ठोकण्यासाठी हातोडा उचलला.

"थांबा," मी म्हणालो. "ब्लॉक तडकेल."

"काऊन पंडितजी, मंत्रानं स्लीव्ह निघते का?"

"मंत्राने नाही, पुलरने. काठाला डिझेल सोडा, ताण द्या आणि अर्धा तास थांबा. मग पाव फेरा."

"पाहा बाप्पा! उद्या भंगारवाला येऊन राह्यला, आन् हे मले आज ध्यानाले बसवते!"

सुधाकरसुद्धा हसला. पण मिस्त्रींनी हातोडा खाली ठेवला. वसंत याच रीतीने काम करी, हे मी शेकडो वेळा पाहिले होते. पाव फेरा, अर्धा तास. पुन्हा पाव फेरा. १२२० वाजता कडाड असा आवाज झाला. देवरावजी उभे राहिले. मिस्त्रींनी वाकून ब्लॉक तपासला.

"ब्लॉक चांगला हाये. क्षार फुटला."

स्लीव्ह वर आली. मिस्त्रींनी तिन्ही बैठका खरवडून धुतल्या आणि रबराची रिंग न लावता नव्या स्लीव्ह बसवून पाहिल्या. मी नख फिरवले. पहिल्या दोन ठिकाणी अडकले. तिसऱ्या ठिकाणी ते खाली घसरले. मिस्त्रींनी काठावर पोलादी पट्टी आडवी लावून पाहिली.

"बैठक खाल्ली हाये. हे असंच बसवलं तर पाणी परत तेलात. ब्लॉक बाद समजा."

"झालं," सुधाकर म्हणाला. "बाबा, आता तरी आयका."

देवरावजींनी टोपी काढली आणि ते ओट्यावर बसले.

मी विचार केला. बैठक इतकी झिजलेली असेल तर ती वसंतच्या वेळीही थोडीफार झिजलेली असणार, आणि ते त्याच्या नखातून सुटले नसते. मग इतकी वर्षे इंजिन चालले कसे?

"अशोकभाऊ, खरवडलेला मळ कुठे टाकला?"

"त्या घमेल्यात. काऊन?"

मी घमेल्यापाशी बसलो आणि गंज, क्षार हाताने चाळू लागलो. तळाशी एक काळे पडलेले पातळ कडे मिळाले. घरातून चिंच मागवली आणि पूजेची भांडी घासतो तसे ते घासले. तांबे उजळले. काठावर एक खाच होती.

"मले वाटलं गंजाचं कडं हाये," मिस्त्री हळूच म्हणाले. त्यांनी ते हातात घेऊन मायक्रोमीटरने चहूबाजूंनी मोजले. "सारखं हाये. मशीनवर कापल्यावानी. कोणं कापलं?"

"माह्या पोरानं," देवरावजी म्हणाले.

मिस्त्रींनी कडे फडक्याने पुसले. "जुनं कडं मी कधी लावत नाई. हे लावतो." त्यांनी ते लाल होईपर्यंत तापवले आणि पाण्यात बुडवले, म्हणजे तांबे पुन्हा मऊ होते. देवरावजींनी ते एकदा तळहातावर घेतले.

"आता दिसणार नाई हे, बाबा," सुधाकर म्हणाला. "पायजे तर ठेवून घ्या. नवं कापू."

"इंजिनातच राहू दे. त्यानं तिथंच ठेवलं होतं."

खाच रेडिएटरच्या दिशेस केली. स्लीव्ह बसली. मी नख फिरवले. अडकले. मग देवरावजींनी फिरवले, मग सुधाकरने.

शनिवारी साडेनऊला टेम्पो आला तेव्हा मिस्त्री हेडचे नट आवळत होते. सुधाकरने भंगारवाल्याला चहा दिला. १०४० वाजता इंजिन सुरू झाले. पांढरा धूर आला आणि विरळ होत गेला. अर्ध्या तासाने इंजिन थांबवून मिस्त्रींनी तेलाची पट्टी काढली. तेलात पाणी नव्हते. सुधाकर स्वतः टेम्पोपाशी गेला.

"जा भाऊ तुम्ही. देत नाई आम्ही."

घरातल्यांनी शिरा केला होता. मिस्त्रींनी इंजिन पुन्हा सुरू केले. मी नैवेद्य दाखवला, पहिला वाटा द्रोणात घेतला आणि बॉनेटवर ठेवून दरडीखाली गेलेल्या तिघांची नावे उच्चारली. क्राफ्ट्समन बलबीर. नायक मुरुगन. हवालदार वसंत भोयर.

इंजिनाच्या थरथरीने द्रोण सरकू लागला. देवरावजींनी त्याच्यावर हात ठेवला आणि इंजिन बंद होईपर्यंत उचलला नाही.