तळघराची तपासणी

वाळवंटाकडच्या या शहरात, वैशाली नगरच्या आमच्या घरात भांडण व्हायचं ते तळघरावरून. मे महिन्यात वरच्या खोल्या तव्यासारख्या तापतात, आणि खाली मात्र गारेगार. बाबा निवृत्त होऊन अमरावतीहून कायमचे आमच्याकडे आले आणि त्यांनी तळघराचा सरळ ताबाच घेतला. शाळेतून आली की माझी लेक दुपारभर खाली, आजोबांच्या कुशीत; रात्री झोपायलाही तिथंच. छताजवळचे झरोके आम्ही चिंध्या कोंबून बंद केलेले. आंधी, म्हणजे धुळीचं वादळ, सुटली की वाळू आत येते, म्हणून आमच्या गल्लीत सगळेच असं करतात.

ऑफिसातल्या एका मैत्रिणीनं रेडॉनचं नाव काढलं. जमिनीतून, खडकातून निघणारा वायू. वास नाही, रंग नाही. बंद तळघरात साठतो, आणि वर्षानुवर्षं श्वासातून आत गेला तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. मी चक्क हसले. उन्हानं आणि वाळूनं छळ मांडलेला पुरेसा नव्हता का? पण ती हटून बसली आणि तिचं मोजायचं यंत्र माझ्या हातात कोंबून गेली. आठवडाभर ठेव, खोली नेहमीसारखी बंद असू दे, हिरवा दिवा म्हणजे ठीक आणि लाल म्हणजे धोका, एवढं सांगून.

मी ते बाबांच्या टेबलावर ठेवलं. म्हटलं, "आठवडाभर खोलीची तपासणी चालू आहे. याला हात लावू नका."

रोज घरी आले की जिन्यातूनच ओरडून विचारायची, "कोणता दिवा?" खालून बाबांचा खणखणीत आवाज, "हिरवा!" माझा जीव भांड्यात पडायचा.

आठवडा संपला तशी यंत्र आणायला मी खाली उतरले आणि दारातच थबकले. फिनेलचा वास. झरोक्यांतल्या चिंध्या गायब. टेबलफॅन यंत्राच्या तोंडावर घोंघावत होता.

"बाबा, हे काय?"

"काय म्हणजे? तपासणी आहे ना?" ते म्हणाले. "जन्मभर मुख्याध्यापकी केली मी. साहेब यायच्या आधी शाळा झाडूनपुसून लख्ख नको? आठवडाभर उकाड्यात झोपलो, वाळू खाल्ली, पण खोली पास केली!"

"मम्मा, मतलब आपण पास ना?" लेकीनं आजोबांना टाळी दिली. फरशी पुसायला तीच होती.

मला हसू आवरेना. मग पुन्हा चिंध्या कोंबल्या, पंखा बंद केला, आणि लेकीला वर झोपवलं. बाबा मात्र खालून हटले नाहीत. सकाळी मी चहा घेऊन खाली गेले तर दिवा लाल. यंत्रावरचा आकडा सुरक्षित मर्यादेच्या कितीतरी पट. मी यंत्र हलवलं, बंद करून पुन्हा लावलं. थोड्या वेळानं पुन्हा लालच. सगळ्या घरात सुरक्षित म्हणून जी खोली आम्ही लेकीला दिली, तीच? बाबा खाटेवर बसून नुसते उशीकडे बघत होते. तिच्या छोट्या उशीकडे.

त्याच दिवशी झरोके उघडले. फरशीच्या भेगा बुजवायला आणि हवा बाहेर ओढणारा पंखा लावायला माणूस बोलावला. बाबांनी गादी वर आणली. डॉक्टर म्हणाले, आजवर शरीरात गेलेलं मोजायची साधी तपासणी नाही, आता खोली सुधारा.

दुपारी लेक हॉलमध्ये कूलरसमोर झोपली होती. बाबा तरी वर्तमानपत्रानं तिला वारा घालत होते.

"तिच्या आत किती गेलं असेल गं?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, बाबा."

"उन्हाची बाधा होईल म्हणून," ते म्हणाले, "वर खेळायला निघाली की मीच हाताला धरून खाली न्यायचो."