मंगळावरून परतलेले हवालदार तात्या

हवालदार तात्या भर बाजारात चालता चालता पालथे पडत. लोहाराच्या घणाचा पहिला ठोका किंवा एखाद्या सायकलची फुटलेली ट्यूब, एवढं पुरे. मग उठून धोतर झटकत आणि म्हणत, "काय न्हाय, जरा जमीन बघितली." आमच्या बावडा गावातली चांगली मिशीवाली माणसंही त्यांच्या मागे हळूच डबा आपटून ही गंमत बघून घेत.

तात्या ब्रह्मदेशच्या लढाईतून परतले होते. सव्वीस जानेवारीला पुढारी त्यांना पदकं लावून उभं करत आणि शौर्यावर स्वतः बोलत. पाऊण तास उन्हात हलायचं नाही. लढाईनंतरचा तात्यांचा हाच मोठा पराक्रम.

खरी अडचण मळ्यात होती. विहीर तीन वर्षं अर्धवट पडलेली. खाली काळा खडक लागला होता आणि सुरुंगाशिवाय तो फुटणार नव्हता. सुरुंगवाले दोनदा आले, तात्यांनी दोनदा परत पाठवले. तात्यांच्या बायको सोनाकाकू दुसऱ्यांच्या मळ्यात मेथी खुडायला जात. "औंदा बी कोरडंच का?" त्या विचारत. तात्या बैलाला वैरण घालायला उठत. बैलाने तेव्हा नुकतीच खाल्लेली असे.

हिवाळ्यात गावात सिनेमाचा तंबू येई. इंग्रजी चित्र असलं की पडद्याशेजारी उभं राहून कुणीतरी कर्ण्यावरून ते मराठीत सांगायचं. मी शाळेत मास्तर, म्हणून पहिला मान माझा. मी शुद्ध भाषांतर केलं आणि अर्धा तंबू झोपला. मालकाने कर्णा तात्यांकडे दिला. त्यांच्या इंग्रजीत फक्त पलटण होती. त्यामुळे प्रत्येक राजा कर्नल होई, राणी त्याची मेम. लोक खूश.

त्या वर्षी मंगळावरच्या लढाईचं चित्र आलं. मूळ कादंबरी मी वाचली होती. तिच्यात नायक शेवटी मरतो. सिनेमावाल्यांनी त्याचं लग्न लावलं होतं. तात्यांचा नायक तिसराच निघाला.

मंगळावरून परतीचा अग्निबाण उडाला, प्रचंड आवाज झाला आणि तात्या पडद्याखाली पालथे. तंबू हसून लोळला. "तात्या, मंगळ वर हाय, खाली काय हुडकताय!" कुणी ओरडलं. तेवढ्यात पडद्यावर नायक घरी परतला. पाहुणे चहा घेत होते. दार आपटलं आणि तो टेबलाखाली शिरला. पुन्हा हशा.

तात्या पडल्या पडल्या ते बघत होते. त्यांनी तसाच कर्णा ओढला.

"हसू नका रं. ह्यो गडी भ्यालेला न्हाय. घरी आलाय, पर कान अजून तिकडंच हायेत. ह्येच्या शेजारी दगडू बसला हुता. च्या मागत हुता. म्या म्हनलं, थांब जरा. आन् मग आवाज झाला."

चित्रात दगडू नव्हता. माझ्यासकट कुणीही ती चूक दाखवली नाही.

दोरीपलीकडे, बायकांतून सोनाकाकूंचा आवाज आला. "अवो, मग? पुढं काय झालं?"

इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तात्या उठून बसले आणि सांगू लागले. पडद्यावर नायकाचं लग्न लागून गेलं. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून, कुठलाही ठराव न होता, गावात एक रीत पडली. लोहार आधी हाक देई, "तात्या, घन घालतोय!" सायकलवाला हवा भरताना निरोप धाडी. देवळातल्या गुरवाने तर घंटेआधी माणूस पाठवला, तेव्हा तात्यांनी हात जोडले. "देवाला न्हाय भीत मी. त्याला वाजवू दे की."

माझी बदली बारामतीला झाली, तेव्हा निरोप घ्यायला मळ्यात गेलो. सुरुंगवाले आले होते. वात पेटवण्याआधीची हाळी आपण देणार, अशी तात्यांची अट होती. सारी वस्ती बांधावर जमली होती.

"सुरुंग हाय होऽऽ!" तात्यांनी तीनदा हाळी दिली. तिसऱ्या वेळी आवाज कापला. सोनाकाकू पुढे झाल्या आणि त्यांनी नवऱ्याचा हात धरला. त्या काळी, चारचौघांत! काही म्हाताऱ्यांनी माना फिरवल्या.

बार झाला. धुरळा खाली बसला. तात्या उभेच होते.

"सोडा आता हात," काकू पुटपुटल्या. "लोक बघत्यात."

"बघू देत," तात्या म्हणाले. "अजून दोन बार हायेत."