आणखी एक हार्ड डिस्क

नाहूरला आमच्या मजल्यावर राहणारे काका घरात कालचा पेपरही ठेवत नाहीत. बायकोचं माहेरचं शिलाई मशीन त्यांनी तिला न विचारता भंगारवाल्याला दिलं. कॉम्प्युटरमधून मात्र त्यांनी आजवर काहीही डिलीट केलेलं नाही. सोसायटीतली प्रत्येक पूजा, प्रत्येक बारसं ते शूट करतात आणि जागा संपली की आणखी एक हार्ड डिस्क बसवतात. नव्या डिस्कला आधी हळदकुंकू लावायचं. मग जुन्या डिस्कवरचं सगळं तिच्यात कॉपी करायचं, कारण "एक गेली तर दुसरी आहे ना." त्यामुळे त्यांची नवी डिस्क आल्या दिवशीच अर्धी भरते.

आई गेल्यावर मी त्यांच्याकडे गेलो. सोसायटीच्या हळदीकुंकवाला ती गायली होती, तो व्हिडिओ हवा होता. काकांनी 'नवीन' नावाचं फोल्डर उघडलं. त्यात 'सगळं नवीन' होतं, आणि त्याच्या आत पुन्हा 'नवीन'. संध्याकाळभर आम्ही दुसऱ्यांची बारशी बघत बसलो.

"आत आहे रे," काका चष्मा पुसत म्हणाले. "जागा कमी पडते, म्हणून सापडत नाही."

परवा त्यांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. नव्या डिस्कला हळदकुंकू लावलं, स्क्रू पिळले आणि सगळं पुन्हा कॉपीला टाकलं. स्क्रीनवर हिरवी पट्टी सरकायला लागली, तसा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आता टेन्शन घेऊ नकोस. तुझी आई पाच ठिकाणी आहे."