डावीकडे ओढणारी गाडी

मी काही लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मीच पहिला. चार ओळी नीट जुळवता येतात, एवढ्या बळावर तुमचा वेळ घेतोय – त्याबद्दल आधीच माफ करा. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मंगेशला तर नाहीच.

मंगेश अमरावतीच्या हॉस्टेलात माझ्या खोलीत होता. त्याचं घर अकोल्याला, गल्ली अशी की ऑटोही आत शिरत नाही. त्याचे बाबा – मी त्यांना काका म्हणायचो – आयुष्यभर वरूडची संत्री ट्रकनं पोचवत आले. मग अर्धांगवायूनं डावी बाजू गेली. पुढे पाय सुधारला, हातही बराच सुधारला, पण माणूस दारातल्या खुर्चीतच राहिला. म्हणून आम्ही त्यांच्यासाठी गल्लीत मावेल अशी छोटी गाडी बनवायला घेतली. बिनगिअरच्या स्कूटरचं इंजिन, आणि भंगारातल्या गाडीच्या पुढच्या दोन चाकांमधला अ‍ॅक्सल – मधून कापून, अरुंद करून पुन्हा जोडलेला.

ते कापणं-जोडणं माझं काम. दोन्ही टोकं एका पातळीत घट्ट बांधायची, मगच वेल्डिंग करायचं असतं. मी घाई केली. एक टोक जरासं पिळलं. थंड झाल्यावर फरशीवर ठेवून पाहिलं – दिसलं मला. पुन्हा कापायला हवं होतं. पण काका गल्लीभर सांगत होते, "आपला इंजिनिअर बनवून राहिला." मग कोणत्या तोंडानं सांगायचं? मी वरून रंग मारला.

पहिल्या दिवशी काका खुशीत होते. "हे गाडी हाय का चप्पल? पायात घालू का?" गल्ली पार झाली. मोठ्या रस्त्यावर गाडी डावीकडे जायला लागली. त्यांनी सरळ केली, ती पुन्हा गेली. त्यांनी थांबवली, माझ्याकडे पाहिलं.

"गाडी ओढते का रे, का माहा हात?"

इथं – इथंच बोलायचं होतं. किती सोपं होतं ते?

"हात, काका," मी म्हणालो. "डाव्यात अजून जोर नाही आला."

त्यांनी लगेच मानलं. कसं मानलं? तीस वर्षं स्टिअरिंग धरलेला माणूस – पण मी शिकलेला होतो ना. "मंग संपलं," एवढंच म्हणाले आणि उतरले. गाडी ढकलत नेऊ, असं मीच सुचवलं. सोबत आलेला मंगेश चालवायला बसला असता तर त्याला कळलं असतं.

काका पुन्हा तिच्यात बसले नाहीत. ताडपत्री टाकून ती तशीच पडली. पुढच्या वेळी गेलो तेव्हा ते चहाचा ग्लाससुद्धा उजव्याच हातानं धरत होते. डावा मांडीवर ठेवलेला – दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

परवा मंगेशचा फोन आला. काका गेले, दिवसही झाले. गाडी कुणाला तरी देऊन टाकायची म्हणून तो स्वतः चालवत घेऊन निघाला होता. म्हणाला, "माह्या हातातही डावीकडंच ओढते रे."



त्यानं काही विचारलं नाही.