सासऱ्यांचा नजारा

निजाम सरकारच्या साऱ्या मुलखात काही काम नसताना डोंगरात जाणारा माणूस एकच होता, आणि दैवयोगाने तो माझा सासरा निघाला. आमच्या भागात माणूस डोंगरात जाई तो सरपणाला, नाहीतर चुकलेल्या म्हशीमागे, नाहीतर देवाला. अधूनमधून शिकारी साहेबलोक येत, पण त्यांनाही निदान बिबट्या हवा असे. माझ्या सासऱ्यांना डोंगराकडून काहीच नको असे. ते जात, बघत आणि परत येत. काय बघितलं असं विचारलं तर "नजारा" एवढंच सांगत, आणि नजारा ही वस्तू खायची असते की जाळायची हे गावात कुणालाच ठाऊक नसल्यामुळे बोलणं तिथंच थांबे.

ते पटवारी होते. पाटोद्याहून तीन कोस आत, बालाघाटाच्या माथ्यावर, तीस-पस्तीस उंबऱ्यांचं त्यांचं गाव. गावाच्या पलीकडे जमीन एकदम तुटे आणि दरी सुरू होई. जमिनीची प्रत ठरवणं हे पटवाऱ्याचं कामच. अव्वल, दोयम, सोयम. हे काम सासऱ्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की डोंगरातल्या जागांनाही ते प्रत लावत. फक्त त्यांचा हिशेब सरकारच्या अगदी उलट चाले. काळीभोर कसदार जमीन असेल तिथला नजारा सोयम, आणि कुसळसुद्धा धड उगवत नाही अशी बरड टेकडी म्हणजे अव्वल. एकदा सोपाना नावाच्या कुणब्याने आपलं कड्यावरचं रान अगदीच नापीक आहे, एकदा डोळ्यांनी बघून जा, अशी विनवणी केली. सासरे गेले. दिवस मावळेपर्यंत त्याच्या बांधावर बसून राहिले आणि उठताना म्हणाले, "सोपाना, असलं रान सबंध तालुक्यात न्हाई. लई नशिबाचा हायस." सोपानाने त्यानंतर महिनाभर त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं.

डोंगरात जाण्याचे त्यांचे कायदे तहसिलीतल्या कायद्यांपेक्षा कडक होते. निघायचं ते तांबडं फुटताना. कमरेला दोर, हातात काठी, पंच्यात भाकरी आणि ठेचा, खांद्याला पाण्याचा तांब्या. ठिकाणावर पोचल्यावर आधी बघायचं, मग बसायचं, मग बोलायचं. भाकरी सगळ्यात शेवटी. कुणी आल्याआल्या पंचा सोडू लागला की ते त्याच्याकडे असं बघत, की त्या माणसाला आपण देवळात जोडे घालून शिरलो असं वाटावं. सौताड्याच्या धबधब्याचं नाव काढलं की मात्र त्यांचा चेहरा उतरे. एवढं थोर पाणी, पण तिथं जाणारे सगळे देवाला जातात आणि पाण्याकडे पाठ करून हात जोडतात, याचं त्यांना मनापासून दुःख होतं. मोर बघायचा तर ते झुडपात शिरून तासन्‌तास हलत नसत. एकदा एका मेंढक्याने त्यांना लांडगा समजून गोफण फिरवली. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ घेऊन ते घरी आले. सासूबाई हळद लावता लावता म्हणाल्या, "मोर दिसला का पण?"

"दिसला."

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या आणि हळदीची वाटी उचलून आत गेल्या.

माझं लग्न झालं तेव्हा मी अंबाजोगाईला शाळामास्तर होतो. पहिल्या दिवाळसणाला जावयाने काय करायचं असतं हे मला वडीलधाऱ्यांनी नीट समजावलं होतं: पाटावर बसायचं, नको नको म्हणायचं आणि खायचं. दोन दिवस बैलगाडीत हाडं खिळखिळी करून, नेकनूरला मुक्काम करून मी सासुरवाडीला पोचलो. दुसऱ्या दिवशी अभ्यंगस्नान झालं, अंगावर नवं उपरणं, पायांत नवे कोरे करकरीत जोडे. स्वयंपाकघरातून करंज्यांचा वास येत होता. तेवढ्यात सासरे कमरेला दोर बांधून उभे राहिले. "जावईबापू, जरा पाय मोकळे करून येऊ."

पाय मोकळे झाले ते तिन्हीसांजेला, आणि तेही जोड्यांतून. कारण डाव्या जोड्याचा तळ धारेच्या दरीत राहिला होता. धारेची दरी हे त्यांचं सगळ्यात लाडकं ठिकाण. गावापासून कोसभरावर एक ओढा कड्यावरून सरळ खाली उडी घेतो, पण खाली ना देऊळ ना वाट, त्यामुळे तिथं कुणी फिरकत नसे. सासऱ्यांनी मला दोराने बांधून निम्म्यावर उतरवलं, वरून विचारलं, "कसं वाटतंय?" मी डोळे गच्च मिटूनच "फार छान" असं ओरडून सांगितलं. ते इतके खूश झाले की पुढच्या प्रत्येक सणाला माझ्यासाठी नवा दोर तयार असे. दर वेळी मी जात होतो, दर वेळी फार छान म्हणत होतो आणि मनात करंज्या मोजत होतो.

अशी सात-आठ वर्षं गेली. मग एका भाद्रपदात सासऱ्यांचा निरोप घेऊन माणूस आला, की असाल तसे निघून या. गेल्यावर कळलं ते असं. तहसिलीत कुणीतरी निनावी अर्ज टाकला होता. पटवारी दोर घेऊन डोंगरात हिंडतो, त्याला यादवांच्या वेळचं पुरलेलं धन सापडलेलं आहे, आणि ते बाहेर काढायला त्याचा मास्तर जावई दर सणाला अंबाजोगाईहून येतो, असं त्यात उर्दूत लिहिलेलं होतं. जमिनीतलं धन सरकारचं. ते दडवल्याचं ठरलं तर पिढीजात वतन जाणार, पटवारीपण जाणार, आणि माझी मास्तरकीही त्याच वाटेने जाणार हे उघड होतं. तहसीलदार स्वतः चौकशीला येणार होते.

"मामा, तुम्ही सांगा की औषधाची मुळी शोधायला जातो," मी म्हणालो. "निदान मध म्हणा. काहीतरी काम सांगा."

"पण मी मध काढायला जात न्हाई की."

"ते मला ठाऊक आहे. त्यांना काय ठाऊक?"

"मग एखादी मुळी दाखवा म्हणले तर?" सासरे म्हणाले. "जावईबापू, मला एकच गोष्ट दाखवता येते." सासूबाई दाराआडून म्हणाल्या, "तेच दाखवा मग. खोटं बोलायची सवय न्हाई तुमाला, मधेच अडकाल."

तहसीलदार आले ते तट्टावरून, दोन चपराशी घेऊन. हैदराबादचे राहणारे, अंगाने चांगले भरलेले, बोलायला अतिशय मऊ. नव्यानेच पाटोद्याला बदलून आले होते आणि या उजाड मुलखात आपल्याला कशाची शिक्षा म्हणून पाठवलं असावं याचा विचार त्यांच्या चेहऱ्यावर कायम असे. चावडीत लोक दाटीवाटीने बसले होते. सगळ्यांत पुढे माली पाटील, म्हणजे गावचा सारा वसूल करणारे. त्यांनी पहार, कुदळ आणि दोन घमेली आधीच आणून ठेवली होती, म्हणजे सरकारचा खोळंबा नको.

"पटवारीजी," तहसीलदारांनी विचारलं, "पहाड में आप क्या ढूंढते हैं?"

"ढूंढत न्हाई हुजूर. बघतो."

"क्या देखते हैं?"

"नजारा, हुजूर."

तहसीलदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "किसका नजारा?"

"कुणाचाच न्हाई," सासरे म्हणाले. "म्हणून तर कुणी बघत न्हाई."

चावडीत कुणीतरी हसलं. तहसीलदार हसले नाहीत. ते उठले आणि म्हणाले, दाखवा.

त्या दिवशी धारेच्या दरीकडे जी मिरवणूक निघाली तशी त्या गावात वरातीचीही निघाली नव्हती. पुढे सासरे, मागे तट्टावर तहसीलदार, मग चपराशी, मग पहार घेतलेले पाटील, आणि त्यांच्यामागे धन बघायला निघालेलं सगळं गाव. कड्यापाशी तट्टू थांबलं. पुढे उतरायला वाट नव्हती, सासऱ्यांच्या पायांनी पडलेल्या पायऱ्यांसारख्या खुणा होत्या. तहसीलदारांना उतरवायला दोन चपराशी, तीन कुणबी आणि पाटलांचा सोडलेला पटका लागला. प्रत्येक वळणावर ते थांबून घाम पुसत आणि "और कितना?" विचारत. सासरे दर वेळी तेवढ्याच गांभीर्याने "बस, आलंच" म्हणत. असं नऊ वेळा आलं. मी मागून येत होतो, आणि एवढं शरीर घसरलं तर पुरलेल्या धनाच्या जोडीला आपल्यावर खुनाचाही आळ येईल असा विचार करत होतो.

शेवटी खडक वळला आणि आम्ही तळाशी पोचलो. भाद्रपदाचा महिना, ओढा भरून वाहत होता. वरून पडणारं पाणी निम्म्यावरच्या एका कपारीवर आपटून पांढरं होत होतं आणि खाली हिरव्या डोहात उतरत होतं. कड्याच्या भेगांतून पारवे बाहेर येत, पाण्यासमोरून एक फेरी मारत आणि परत आत जात. गार तुषार सगळ्यांच्या तोंडावर येत होते. एवढा जमाव, पण सगळे माना वर करून उभे राहिले. जन्मभर या दरीच्या कडेला गुरं चारलेली माणसंही पहिल्यांदाच ते खालून बघत होती.

पाटलांना मात्र राहवलं नाही. "पटवारी, धन कुटं हाय ते दावा. कावून येळ लावता?"

सासऱ्यांनी पाण्याकडे बोट केलं. पाटील पहार घेऊन डोहाच्या काठापर्यंत गेले, पाण्यात नीट वाकून बघितलं आणि परत आले. "हितं तर काईच न्हाई," ते म्हणाले. "निस्तं पानी हाय."

"पाटील," तहसीलदार हळूच म्हणाले, "ज़रा सामने से हटिए."

पाटील बाजूला झाले. तहसीलदार एका खडकावर बसले, बूट काढले, मोजे काढले आणि पाय पाण्यात सोडले. सासरे शेजारी बसले. तासभर दोघं एका शब्दाने बोलले नाहीत. चपराशी कंटाळून झोपले, गाव हळूहळू वर चढून गेलं. मग सासऱ्यांनी पंचा सोडला आणि अर्धी भाकरी पुढे केली. तहसीलदारांनी ती घेतली. ठेच्याने त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. निदान ठेच्यानेच आलं असं ते म्हणाले. नंतर त्यांना वर कसं आणलं ते मी सांगत नाही. झोळी करावी लागली, एवढंच सांगतो.

निकाल आठ दिवसांनी आला. तो उर्दू कागद मीच सगळ्यांना वाचून दाखवला. 'आम्ही स्वतः पाहणी केली. पटवारी पहाडात हवा खाण्यास जातो. हवा सरकारजमा करण्याचा कायदा नाही. अर्ज खारिज.' सासूबाईंनी तो देवापुढे ठेवला आणि त्या दिवशी घरात पुरण शिजलं. सासऱ्यांना जेवताना एवढीच खंत होती, की साहेबांनी नजाऱ्याची प्रत लिहिली नाही.

प्रत लिहिली नाही, पण पुढच्या जुम्म्याला तट्टू पुन्हा दारात उभं राहिलं. मग दर जुम्म्याला राहू लागलं. सरकारी सुटी, साहेब एकटेच येत, चपराशी नाही की पट्टा नाही. दोघं दरीत उतरत, कधी कड्यावरच बसत. साहेब डब्यातून खिमा आणत आणि सासऱ्यांना चालत नाही म्हणून लाजून परत नेत. मग ते फक्त खजूर आणू लागले. वर्षभरात साहेब इतके हलके झाले की झोळी लागेनाशी झाली. काय बोलता दोघं, असं मी एकदा विचारलं. सासरे जरा विचार करून म्हणाले, "बोलत न्हाई. लई चांगला माणूस हाय."

तीन वर्षांनी साहेबांची बदली झाली, दूर तेलंगणात. निरोप घ्यायला आले तेव्हा दोघं कड्यावर जाऊन आले. परतल्यावर साहेब तट्टावर चढले, सासऱ्यांचा हात हातात घेऊन बराच वेळ थांबले आणि पाटोद्याच्या वाटेने निघून गेले.

त्यानंतर सासऱ्यांचं डोंगरात जाणं हळूहळू कमी झालं. आम्ही गुडघ्यांवर दोष ठेवला. तेही गुडघ्याला तेल लावून घेत आणि काही म्हणत नसत. दिवाळीला मी गेलो तर दोर खुंटीवर. ते ओसरीवर बसलेले, आणि आतून करंज्यांचा वास येतोय. इतकी वर्षं मला जे हवं होतं ते सगळं समोर होतं, आणि मला तिथं बसवेना.

"मामा," मी म्हणालो, "चला, जाऊन येऊ."

"तुमाला कशाला उगीच तरास?"

"मला बघायचंय," मी म्हणालो. ते खोटं होतं, पण वाटेत कुठंतरी ते खरं झालं असावं.

आम्ही खाली उतरलो नाही. कड्यावरच्या सपाट खडकावर सासरे बसले आणि म्हणाले, "तुमी बघा आता." मी पहिल्यांदाच डोळे नीट उघडे ठेवून बघितलं. ऊन कलत होतं, पाणी बारीक झालं होतं, पारवे कपारींत शिरत होते. फार छान म्हणावं म्हणून मी वळलो. सासरे दरीकडे पाठ करून, पाटोद्याच्या वाटेकडे तोंड करून बसले होते. मी पुन्हा पाण्याकडे वळलो आणि ते "चला" म्हणेपर्यंत काही बोललो नाही.