एमिलचं राहिलेलं नाव

रविवारी सकाळी सहाला आम्ही शिकागोजवळच्या नेपरव्हिलहून निघालो, तेव्हा अण्णांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि डोक्यावर टोपी होती. गाडीत साडेतीन तास बसायचं आहे, साधे कपडे घाला, असं मी सांगून पाहिलं. “दुसऱ्याच्या घरी जायाचंय न्हवं?” एवढंच ते म्हणाले.

अण्णा म्हणजे माझे वडील. आटपाडीच्या एका हायस्कुलात ते एकतीस वर्षं शिपाई होते. आमच्या घरात पदवी घेतलेला पहिला मी. आयोवा राज्यात एम.एस. करायला आलो तेव्हा दोन वर्षं एलेनबाईंच्या घरातल्या वरच्या खोलीत भाड्याने राहिलो. पहिल्या हिवाळ्यात माझ्याकडे धड कोट नव्हता. बाईंनी आपल्या वारलेल्या नवऱ्याचा कोट कपाटातून काढला, तुटलेलं बटण शिवलं आणि माझ्या खुर्चीवर ठेवून दिला. माझा प्रबंधही त्यांनी ओळ न ओळ वाचून दुरुस्त केला होता. तोंडावर मी त्यांना नुसतं ‘एलेन’ म्हणतो, कारण इथली रीत तशी आहे. लिहिताना ‘बाई’ लावतोय, कारण हे अण्णा वाचणार आहेत.

बाई आता शहाऐंशीच्या आहेत. त्यांनी घर विकलंय आणि पुढच्या महिन्यात त्या मुलीकडे, सिअॅटलजवळ बॉथेलला, कायमच्या राहायला जाणार आहेत. त्याआधी त्यांना एकदा जन्मगावी, लिंडेनफील्डला जायचं होतं. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केलेली, म्हणून त्यांनी मला फोन केला. मे महिन्यातला शेवटचा सोमवार हा इथे युद्धांत मेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस असतो. अण्णा नुकतेच तीन महिन्यांसाठी आले होते, त्यांना घरी एकटं ठेवणार कसं? तेही निघाले.

शिकागोचा पसारा मागे पडला की रस्ता सरळ पश्चिमेला जातो. दोन्ही बाजूंना मक्याचं वीतभर वर आलेलं पीक, मैलोन् मैल. अण्णा बराच वेळ खिडकीतून बघत होते.

“दत्ता, एवढं रान पेरलंय, पन मानूस कुठंय रं?”

“मशीन असतात अण्णा. एकेकाकडे हजार एकर.”

“मग बांधावर भांडायला तरी कुणी असतंय का?”

मिसिसिपी नदीच्या पुलावर त्यांनी टोपी काढली, हात जोडले, परत टोपी घातली.

दहाच्या सुमारास बाईंच्या ओट्यावर पोचलो. अंगणात पिओनी (मुठीएवढं मोठं, दाट पाकळ्यांचं गुलाबी फूल) फुलल्या होत्या. स्मरणदिनाला ही फुलं थडग्यांवर न्यायची इथल्या जुन्या घरांची पद्धत आहे. संध्याकाळी बाईंनी ती कापून कॉफीच्या रिकाम्या डब्यांत पाणी घालून ठेवली. या फुलांना मुंग्या फार, ते मला ठाऊक नव्हतं. सोमवारी सकाळी डबे अण्णांच्या मांडीवर दिले आणि अर्ध्या वाटेत त्यांच्या पांढऱ्या शर्टाच्या बाहीत मुंग्यांची रांग लागली. गाडी कडेला घेतली. अण्णा रस्त्यावर उभे राहून शर्ट झटकताहेत आणि बाई गाडीत पोट धरून हसताहेत!

“ह्या बाईला सांग, आमच्याकडं पाव्हन्याला असं वागवत न्हाईत.”

मी सांगितलं. बाई म्हणाल्या, “यांना सांग, मुंग्या त्यांनी आणल्या. माझ्या फुलांवर काल एकही नव्हती.”

पण हसणं ओसरल्यावर त्यांनी या प्रवासाचं खरं कारण सांगितलं. त्यांच्या आजोबांचा धाकटा भाऊ एमिल पहिल्या महायुद्धात मारला गेला. गावाच्या स्मशानभूमीत एक दगड आहे, युद्धांत मेलेल्या सैनिकांच्या नावांचा; त्यावर एमिलचं नाव नाही. दर वर्षी त्या दगडावरची नावं मोठ्याने वाचतात, प्रत्येक नावाला एक घंटा होते, घरचं माणूस पुढे येऊन फूल ठेवतं. एमिलचं नाव वाचावं म्हणून बाई कित्येक वर्षं गावच्या समितीला पत्रं लिहीत होत्या. या खेपेलाही नकारच आला होता. “पुढच्या वर्षी मी दोन हजार मैल लांब असेन,” त्या म्हणाल्या. “माझ्यानंतर एमिल कोण होता हे सांगणारं कुणी नाही.”

लिंडेनफील्ड म्हणजे एक चौक, एक चर्च, धान्य साठवायचे उंच मनोरे आणि एक वाचनालय. वाचनालयाच्या मागच्या खोलीत त्या युद्धाच्या वस्तू मांडल्या होत्या. कार्यक्रमाला वेळ होता, म्हणून बाईंनी आम्हांला तिथे नेलं.

शाळेत मी पाठ केलं होतं, ‘अमेरिका १९१७ साली युद्धात उतरली. कारणे द्या.’ जर्मन पाणबुड्यांनी जहाजं बुडवली. इंग्लंड-फ्रान्सशी व्यापार आणि त्यांना दिलेली कर्जं वाढत गेली. मेक्सिकोला चिथावणारी जर्मनीची गुप्त तार उघडकीला आली. ही कारणं खरीच होती. पण त्या खोलीत ती या गावाला कशी भिडली ते दिसलं. इथली बहुतेक घरं जर्मनीतून आलेली. चर्चमधलं प्रवचन जर्मन, घरातली भांडणं जर्मन. युरोपात युद्ध पेटल्यावर पावणेतीन वर्षं अमेरिका बाजूला राहिली, आणि या गावाला तर बाजूला राहण्याची दुप्पट गरज होती. ‘आम्हांला युद्धापासून दूर ठेवलं’ या घोषणेवर राष्ट्राध्यक्ष दुसऱ्यांदा निवडून आले आणि पाच महिन्यांनी त्यांनीच युद्ध मागितलं.

“एमिलला तेवढा धीर नव्हता,” बाई म्हणाल्या. “बुडालेल्या जहाजांच्या बातम्या वाचून तो पेटला. १९१६ साली रेल्वेने कॅनडात गेला आणि त्यांच्या सैन्यात भरती झाला. जर्मन बापाचा मुलगा जर्मनांवर बंदूक रोखायला गेला! पणजोबांनी घरच्या बायबलमधलं त्याचं नाव खोडलं. गावाने त्याला गद्दार म्हटलं.”

“मंग?” अण्णांनी विचारलं. मी दोन्हीकडचं भाषांतर करत होतो.

“मग अमेरिका युद्धात उतरली, त्याच आठवड्यात एमिल फ्रान्समध्ये मेला.”

त्यानंतर गाव उलट्या बाजूला फिरलं. सक्तीची भरती आली, मुलं फ्रान्सला गेली. रस्त्यांची जर्मन नावं बदलली. आंबवलेल्या कोबीचंही जर्मन नाव टाकून लोक त्याला ‘स्वातंत्र्य कोबी’ म्हणू लागले. आयोवाच्या राज्यपालांनी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा चारचौघांत बोलायची नाही, टेलिफोनवरसुद्धा नाही, असा हुकूम काढला. त्याची छापील प्रत भिंतीवर होती. मी रोज आईशी फोनवर मराठीत बोलतो. तो कागद मी दोनदा वाचला.

“आता तरी त्याला चांगलं म्हनाले आसतील की,” अण्णा म्हणाले.

बाईंनी नकारार्थी मान हलवली. युद्ध संपल्यावर दगड उभा राहिला तो अमेरिकेच्या गणवेशात मेलेल्यांचा. एमिल दुसऱ्याच देशाच्या गणवेशात गेला होता. आणि पणजोबाही नाव घाला म्हणून सांगायला गेले नाहीत.

अण्णा म्हणाले, “बाईला सांग, आमच्या मामाच्या गावात चावडीला असाच दगड हाय. खटाव तालुक्यात. साहेबानं त्याच लढाईला मानसं नेलेली. किती गेली आन् किती मेली तेवढा आकडा हाय, नाव एकाचंबी न्हाई. आता कुनाची मानसं ती, कुनालाच ठावं न्हाई.”

मी सांगितलं. बाईंनी अण्णांच्या हातावर हात ठेवला.

अकराला स्मशानभूमीत गेलो. गावाबाहेरची हिरवी टेकडी, प्रत्येक सैनिकाच्या थडग्याशी छोटा झेंडा, घडीच्या खुर्च्यांवर शंभरेक माणसं. आमच्याखेरीज सावळा चेहरा एकही नव्हता. मी अण्णांना दबक्या आवाजात बजावलं, “आपण पाहुणे आहोत. यांच्या गावच्या भांडणात आपण पडायचं नाही.”

नावं वाचणारा माणूस डेल, सत्तरीचा, स्वतः माजी सैनिक. हातात प्लॅस्टिकची फाइल. एकेक नाव, घंटेचा एक टोला, एकेक माणूस फूल घेऊन पुढे. नंतरच्या युद्धांतली नावं आली तेव्हा त्याने एका नावाशी थांबून घसा साफ केला, वाचलं, आणि स्वतःच फूल ठेवायला गेला. “त्याचा भाऊ,” बाई कुजबुजल्या.

यादी संपली. डेलने फाइल मिटली. बंदूकधारी सलामीसाठी सरसावले. सगळीकडे शांतता.

आमच्याकडच्या शाळेत हजेरी संपली की गुरुजी पट मिटायच्या आधी विचारतात, “कुणाचं नाव राहिलं का?” नवा आलेला, पटावर न चढलेला पोरगा तेव्हा उभा राहतो. अण्णांनी एकतीस वर्षं वर्गाच्या दारात उभं राहून हे ऐकलं होतं. शांततेचा त्यांनी तोच अर्थ घेतला. ते उठले आणि त्यांनी हात वर केला.

“सर! वन नेम बाकी.”

मी त्यांची बाही ओढली. “अण्णा, खाली बसा!”

“का? नाव ऱ्हायलंय की!”

शंभर माना वळल्या. डेलने विचारलं, “काय म्हणतायत ते?”

माफ करा, ते गैरसमजाने उठले, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. शेजारी बाई मांडीवरच्या शेवटच्या पिओनीकडे बघत बसल्या होत्या.

मी उभा राहिलो. “माझे वडील म्हणतायत, एक नाव वाचायचं राहिलंय.”

कुणाचं, ते डेलने विचारलं नाही. त्याने बाईंकडे पाहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, “तो आपल्या सैन्यात नव्हता.” डेलने मिटलेली फाइल काखेत धरली.

“माझ्या यादीत आणखी नाव नाही,” तो म्हणाला. “पण इथे कुणाला एखादं नाव घ्यायचं असेल तर मी अडवणार नाही.”

बाई काठीवर भार देऊन उठल्या. “एमिल ब्राउअर,” त्या म्हणाल्या. आवाज लहान होता, म्हणून त्यांनी पुन्हा म्हटलं. घंटेपाशी उभ्या असलेल्या दुसऱ्या एका बाईने डेलकडे पाहिलं. त्याने मान डोलावली. टोला पडला. एलेनबाई गवतातून एकेक पाऊल टाकत दगडापर्यंत गेल्या. मागच्या रांगेतला एक माणूस उठून निघून गेला, बाकीचे बसून राहिले.

नंतर चर्चच्या सभागृहात पॉटलक (ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ आणायची पंगत) होतं. अण्णांनी बटाट्याची थंड भाजी बाजूला सारली, पण ऱ्हुबार्बचा (चुक्यासारखा आंबट लाल देठ) ‘पाय’ हा भाजलेला गोड पदार्थ दोनदा घेतला. डेल ताटली घेऊन आमच्या टेबलाशी आला. मी आधीच माफी मागायला लागलो.

“तुझे वडील सैन्यात होते?” त्याने विचारलं.

“नाही, शाळेत. घंटा वाजवायचे.”

डेल हसला. मग फाइल उघडून त्याने खिशातलं पेन काढलं. “दगड समितीचा आहे, एलेन. त्यावर मी काही करू शकत नाही. कागद माझा आहे.” छापील यादीच्या खाली त्याने हाताने एमिलचं नाव लिहिलं. “पण मी नाव पुकारलं की कुणीतरी उठायला हवं. पुढच्या वर्षी कोण उठणार?”

बाई बॉथेलला असणार. त्यांनी हातातला काटा ताटलीत ठेवला.

“मी येईन,” मी म्हणालो.

संध्याकाळी बाईंना घरी सोडून आम्ही परत निघालो. दारात त्यांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

पूर्वेकडच्या रस्त्यावर मी शाळेत पाठ केलेल्या त्या एका ओळीच्या इतिहासाचा विचार करत होतो. देश एका तारखेला युद्धात उतरतो असं पुस्तक सांगतं. खरं तर कुणी आधीच गेलेला असतो, कुणी मनाविरुद्ध ओढला जातो, आणि दगड मात्र तारखेप्रमाणे कोरला जातो. मला या देशाने शिक्षण दिलं, काम दिलं. एका परक्या बाईने कोट दिला. माझी परतफेड आजवर नम्रपणे गप्प राहण्याची होती.

“अण्णा, मी येईन म्हणालो खरं,” मी म्हटलं. “पण माझा व्हिसा पुढच्या मे महिन्यात असेल की नाही, मलाच माहीत नाही. नोकरी गेली तर दोन महिन्यांत निघावं लागतं.”

अण्णा काचेबाहेर बघत होते. “मग काय झालं? तुझ्या हापिसात आपली मराठी पोरं हायेत की. जायाची पाळी आली तर त्यातल्या एकाला हितं आनून समदं दाव. दगड कुठला, मानूस कोन, कवा उठायचं. नाव त्याच्याकडनं म्हनून घे, आन् मगच जा.”