सहावा नियम

आमच्या शाळेत सातवीला इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना सगळे घटनाबाई म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. मी गणिताचा. आमच्या दोन वर्गांच्या मध्ये धड भिंत नव्हती, लाकडी फळ्यांचा आडोसा होता. त्यामुळे सोळा वर्षं मी अपूर्णांक शिकवता शिकवता त्यांचं नागरिकशास्त्र ऐकलं. त्यांच्याबद्दल बोलायचा माझा अधिकार तेवढाच.

आधी चांगलं सांगतो, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळा. बाईंनी सोळा वर्षांत एकाही पोराला हात लावला नाही. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सात वर्षं एकटीनं केलं आणि त्या सात वर्षांत एक दिवसही पहिली घंटा चुकवली नाही. नाकासमोर चालणारी बाई. अशा माणसांची मला पहिल्यापासून भीती वाटते.

वर्ष सुरू झालं की पहिल्याच दिवशी त्या प्रत्येक मुलाच्या हातात एक कागद ठेवायच्या. त्यावर पाच नियम. वहीला कव्हर, गृहपाठ पहिल्या घंटेच्या आत, नकाशा पेन्सिलीनंच, दुसऱ्याचं बोलणं मध्ये तोडायचं नाही. पाचवा नियम गटाचा. पाच-पाच जणांचे गट, आणि गटातला एक जरी उशिरा आला तरी पाचही जणांचे दोन-दोन गुण कापायचे. मुलं एकमेकांना सांभाळून घ्यायला शिकतात, असं बाईंचं म्हणणं. खाली पालकांची सही. सहावा नियम मात्र मुलांनी स्वतः मांडायचा, चर्चा करायची, मतदान घ्यायचं. यालाच त्या वर्गाची घटना म्हणायच्या. दरवर्षी मुलं काहीतरी गोड ठरवायची, रोज एका झाडाला पाणी घाला वगैरे.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. शाळा सातला भरायची आणि ही रोज साडेसातला धापा टाकत दारात. तिची आई दवाखान्यात रात्रपाळीला सफाईला होती आणि सव्वासातला घरी पोहोचायची. घरात आजी. आजीचं अर्धं अंग गेलेलं, वर डोकं फिरलेलं. खाटेवरून उठायला बघायची आणि पडायची. आई आल्याशिवाय पोरीला हलता यायचं नाही. वडील घरात नव्हते. हे सगळं बाईंना माहीत होतं, मलाही माहीत होतं. पहिल्या पाच दिवसांत तिच्या गटाचे दहा-दहा गुण गेले आणि पोरांनी तिचं नाव साडेसाती ठेवलं. ज्या गटात जाईल त्याला लागली साडेसाती.

मग सहावा नियम आला. मांडला वर्गप्रमुख पोरीनं. हुशार, दोन वेण्या, खणखणीत आवाज. उशिरा येणाऱ्याला त्या दिवशी गटात घ्यायचं नाही, म्हणजे बाकीच्यांचे गुण वाचतील. आणि शाळा सुटेपर्यंत त्याच्याशी कोणी बोलायचं नाही, म्हणजे त्याला सुधारावंसं वाटेल. मी फळ्यांच्या फटीतून बघत होतो. एकेचाळीस मुलं, एकेचाळीस हात वर. तिचाही. सगळ्यांचे वर गेलेले बघितले आणि तिनंही केला. एकटीचा खाली कसा ठेवायचा?

मधल्या सुट्टीत मी बाईंना गाठलं. म्हटलं, हे काय चालवलंय? त्या शांतपणे म्हणाल्या की मतदान झालंय, त्या काही वर्गाच्या राणी नाहीत. मी आजीचा विषय काढला. तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"मी सासूचं केलंय, सर. मला कोणी सूट दिली होती?"

नियम बदलायचा रस्ता मात्र त्यांनी दाखवला. शनिवारी वेळेवर हजर राहायचं, दुरुस्ती लेखी मांडायची, एकानं पाठिंबा द्यायचा, मग मतदान. जिला वेळेवर येता येत नाही तिनं वेळेवर येऊन सांगायचं की मला वेळेवर येता येत नाही. माझं डोकंच सटकलं, पण मी मूग गिळून बसलो. माझी नोकरीची चार वर्षं उरली होती.

पाच महिने त्या पोरीशी वर्गात कोणी बोललं नाही. पोरं नियम पाळण्यात मोठ्यांपेक्षा पक्की. खोडरबर मागितला तर नुसतं बघायची. एकदा तिला मैदानावर उलटी झाली, तेव्हा एकीनं पाण्याची बाटली आणून तिच्यासमोर ठेवली आणि तोंडातून शब्द न काढता निघून गेली. बाईंनी त्या एकीचं वर्गात कौतुक केलं, माणुसकीही पाळली आणि नियमही.

शेवटी एका शुक्रवारी आईनं कुणाच्या तरी हातापाया पडून पाळी बदलून घेतली आणि शनिवारी पोरगी सातच्या आत वर्गात. हातात कागद. मी माझ्या वर्गाला गणितं घातली आणि फटीला डोळा लावला. ती उभी राहिली आणि तिनं वाचलं, "माझी आजी आजारी आहे म्हणून मला उशीर होतो. मला गटात नाही घेतलं तरी चालेल. पण माझ्याशी बोला."

बाईंनी विचारलं, पाठिंबा कोणाचा? घड्याळ बघून पूर्ण एक मिनिट थांबल्या. वर्गप्रमुख वहीत काहीतरी लिहीत होती. बाटलीवाली खाली बघत होती. एकही हात वर झाला नाही, त्यामुळे मतदानाचा प्रश्नच आला नाही. बाई म्हणाल्या, प्रयत्न छान होता, अक्षरही सुधारलंय, बस खाली.

आणि सोमवारपासून ती रोज वेळेवर यायला लागली. रोज, सातच्या आधी. गटात बसायला लागली, मुलं बोलायला लागली. शिक्षकांच्या खोलीत सगळे म्हणाले, चला, सुंठीवाचून खोकला गेला. बाईंचा चेहरा फुलला होता. मलाच मेल्याला चैन पडेना. एकदा वही तपासायच्या निमित्तानं मी तिला जवळ बोलावलं आणि विचारलं की सकाळी आता आजीजवळ कोण असतं.

"कोणी नाही, सर. खाटेला बांधून येते. ओढणीनं. घट्ट नाही बांधत."

मी विचारलं, आजी काही म्हणत नाही?

"आधी ओरडायची. आता नाही ओरडत."

तिनं हे गृहपाठाचं उत्तर दिल्यासारखं सांगितलं. सव्वासातला आई येते आणि सोडवते, अर्ध्या तासाचाच प्रश्न, असंही सांगितलं. वर मलाच विनवलं की कोणाला सांगू नका.

मी बाईंना सांगितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला, हे खोटं कशाला बोलू. मला वाटलं, आता फाडतील तो कागद. पण त्यांनी विचारलं, आणखी कोणाला माहीत आहे का? तिचं नाव वर्षाच्या बक्षिसासाठी गेलं होतं, सर्वाधिक सुधारणा, वक्तशीरपणा. आता काढून घेतलं तर मुलांना कारण सांगावं लागेल, पोरीचीच बदनामी होईल, असं त्यांनी मला समजावलं. आणि मला ते पटलं. लाज वाटते लिहायला, पण पटलं.

समारंभ आठला होता. विद्यार्थ्यांनी साडेसहाला हजर राहायचं. पाहुणे नऊला उगवले, त्यांच्याशी बोलणं कोणी थांबवलं नाही. भाषणं लांबली. शेवटी तिचं नाव पुकारलं. बाईंनी स्वतः तिच्या गळ्यात पदक घातलं आणि माईक तिच्या तोंडापुढे धरला. शिकवून ठेवलेलं वाक्य तिनं न अडखळता म्हटलं, "नियमामुळे मला शिस्त लागली."

टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवणारी बाई दुसऱ्या रांगेत होती, दवाखान्याच्या निळ्या कपड्यांत, डोळे पुसत. मी शेजारच्याला विचारलं, ही कोण? तो म्हणाला, तिची आई, पाळी सुटल्यावर घरी न जाता थेट इकडेच आली, सातपासून बसलीय.

पोरगी स्टेजवरून आईकडे बघून हसत होती. बाईंनीही आईला पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दहा वाजून गेले होते. बाईंनी यादीवरचं पुढचं नाव वाचलं.